लाल पट्टीचं पातेलं

प्रिय तात्सुओदादा,

तुझं पत्र परवा आलं. तुझ्या भाचीने, मिनाने, ते टेबलावर ठेवलं आणि मी दिवसभर त्याच्याभोवती घिरट्या घालत राहिले. तुझं अक्षर लांबूनही ओळखू येतं, अगदी बाबांसारखं, प्रत्येक अक्षर पाय रोवून उभं. शेवटी काल दुपारी पाकीट फोडलं. आपल्या कुरुमिदानीला जिल्ह्याकडून मान मिळतोय, ‘एकोप्याचं गाव’ म्हणून. सुगीच्या उत्सवाला अधिकारी येणार, टीव्हीवाले येणार, आणि सभागृहातलं ते लाल पट्टीचं पातेलं त्यांना चुलीवर चढलेलं हवंय. मी तुझ्या मेहुण्याचा, मोतालेबचा फोटो हातात घेऊन पातेल्याशेजारी उभं राहायचं आणि दोन शब्द बोलायचे. ‘फार नको, दोन वाक्यं पुरेत, लोक समजून घेतील,’ असं तू लिहिलंयस. दादा, आपल्या गावात लोक नेहमी समजूनच घेत आले आहेत. समजून घेण्यात आपला हात कोणी धरणार नाही. तुझ्या मागणीचं उत्तर मी देणार आहे, पण लगेच नाही. त्याआधी तुला माझं सगळं ऐकावं लागेल. समोर असतास तर जरा अवघड बोलणं निघताच चहा आणायला उठला असतास, म्हणून लिहितेय.

इथे बरं चाललंय. मिनाच्या सातव्या मजल्यावरच्या घरातून डोंगर दिसत नाहीत, समोरच्या इमारतीच्या कठड्यांवर वाळत घातलेल्या गाद्या दिसतात. ती सकाळी कामावर जाते, मी भांडी घासते, बाजारात जाते, आणि दुकानातल्या बाईशी उगाच मुळ्याच्या भावावरून हुज्जत घालते. महिन्यातून एकदा मिना मला गाडीतून मोतालेबकडे नेते. गावापासून सहा तासांवर त्याच्या कबरीची टेकडी आहे. तिथली माती पिवळट आणि चिकट, आपल्यासारखी काळी नाही. त्याच्या एका बाजूला इंडोनेशियाचा कुणी खलाशी आहे, अगदी पोरगेला, आणि दुसऱ्या बाजूला गालिचे विकणारे एक तुर्की गृहस्थ. चांगलीच माणसं असतील. पण त्याची त्यांच्याशी ओळख नव्हती रे. तेहतीस वर्षं कुरुमिदानीत काढलेल्या माणसाला अखेर शेजार मिळाला तो असा. मी गवत उपटते आणि त्याला गावातल्या बातम्या सांगते, कुणाच्या घरी काय झालं, यंदा रानडुकरांनी कुणाची रताळी उकरली. त्याला कुरुमिदानीच्या मातीत निजायचं होतं. जन्मभरात गावाकडे त्याने एवढं एकच मागितलं, आणि ते त्याला मिळालं नाही.

तुझ्या पत्रात पातेल्याबद्दल पानभर मजकूर आहे. ते कसं आलं हे मात्र तू लिहिलेलं नाहीस. विनय म्हणून असेल. म्हणून मीच लिहिते. माझ्या लग्नानंतरचा तो पहिला उत्सव. बाबांच्या लाकूडगिरणीत कामाला आलेल्या बांगलादेशी पोराशी मी लग्न केलं म्हणून गाव आधीच बावचळलेलं. सभागृहात नेहमीसारखा रानडुकराचा रस्सा रटरटत होता, तांदळाची दारू फिरत होती, आणि मोतालेब भिंतीला टेकून नुसता भात खात होता. कुणी विचारलं की हसून म्हणायचा, ‘छान आहे भात, फार छान.’ तू ते लांबून पाहिलंस. त्या हिवाळ्यात तू घरोघर गेलास. बर्फातून, गुडघाभर बुटांत, एकेका घरी ओट्यावर बसून चहा पीत. उत्सवाचं जेवण आजोबांच्या आधीपासून एकाच पातेल्यात शिजत आलेलं, त्यात बदल म्हणजे देवाच्या पंगतीत बदल. म्हातारा गोन्झो तुझ्यावर खेकसला होता, ‘आज दुसरं पातेलं मागतोय, उद्या दुसरा देव मागेल!’ आणि तू म्हणालास, ‘आजोबा, तुम्हाला दात नाहीत म्हणून तुमचा भात वेगळा मऊ शिजवतात. तेव्हा कुठे देव रागावला?’ सारं गाव कितीतरी दिवस त्यावर हसत होतं. पुढच्या उत्सवाला दुसरं पातेलं आलं, बिनमांसाचं आणि बिनदारूचं. फुसाएवहिनीने त्याच्या कानाला आणि त्याच्या डावाला लाल पट्टी चिकटवली. त्या दिवशी तुझ्याबद्दल मला इतका अभिमान वाटला की मी मागच्या दारी जाऊन रडले.

आणि ते पातेलं वहिनीने कसं सांभाळलं! एकदा कुणाच्या तरी नव्या सुनेने चुकून दुसरा डाव त्यात बुडवला. कोणी पाहिलंही नव्हतं. वहिनीने सगळा रस्सा ओढ्यात ओतला, पातेलं राखेने घासलं आणि पुन्हा मुळा चिरायला बसली. मोतालेब लाजेने अर्धा झाला. ‘अहो वहिनी, मी आज भात खातो ना,’ म्हणत मागे मागे फिरत होता, आणि ती म्हणाली, ‘तुम्ही गप्प बसा, हा माझा आणि पातेल्याचा प्रश्न आहे.’ मग हळूहळू पोरं त्याच्याच पातेल्यातलं मागायला लागली, डॉक्टरांनी चरबी बंद केलेली माणसं तिकडे वळली, आणि गेल्या काही वर्षांत तर डुकराचा रस्सा उरायचा आणि लाल पट्टीचं पातेलं आधी रिकामं व्हायचं. गोन्झो आजोबा शेवटच्या वर्षी वाडगा पुढे करून म्हणाले, ‘मोतासान, तुमच्या देवाच्या हाताला चव आहे हो.’ हे सगळं खरं आहे. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना जे दाखवायचं आहे ते सगळं खरं आहे, म्हणून तर माझ्या घशाखाली उतरत नाही.

तोही काही फुकट जेवला नाही. देवाच्या पालखीला त्याने कधी खांदा दिला नाही, त्याच्या धर्मात ते बसत नव्हतं, आणि तसं त्याने पहिल्याच वर्षी हात जोडून सांगितलं. मग पालखीच्या पुढे लांब बांबू घेऊन चालायचं काम तुम्ही त्याला दिलंत, खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा उचलून धरायचं. देवाला खांदा नाही, पण देवाची वाट मोकळी करायची. किती शहाणपणाची तोड होती ती. त्याला त्या बांबूचा इतका गर्व होता की उत्सवाच्या आधी आठवडाभर तो अंगणात तेल लावून पुसत बसायचा. आणि वरचा झरा? वादळ झालं की नळाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकायचा, गावाचं पाणी बंद व्हायचं, आणि तू अंगणातूनच हाक मारायचास, ‘काय मेहुणे, झोपलात की काय?’ दोघं फावडी घेऊन चढायचात. गावातली तरुण पोरं शहरात गेली, पुढे तुझे गुडघे गेले, मग तो एकटाच चढायला लागला. आपल्या घरचा चहा, तुझ्या घरचा भात, देवळातल्या हात धुवायच्या कुंडातलं पाणी, सगळं त्याच्या हातून वाहतं झालेलं. त्याच पाण्याचं नाव पुढे केलंस तू, दादा. दुसरं एखादं कारण काढलं असतंस तर मला इतकं लागलं नसतं.

तुला आजी आठवते ना? मला आठवते त्यापेक्षा जास्त आठवायला हवी, तू तेव्हा मोठा होतास. बाबांनी देवदाराचं पिंप केलं होतं तिच्यासाठी. तिला त्यात गुडघे पोटाशी घेऊन बसवलं, तिच्या आवडत्या निळ्या किमोनोत. मी गवताच्या चपला घालून मागून चालत होते, एक चपल निसटली, आणि आई म्हणाली की मागे वळायचं नाही, राहू दे. झऱ्याच्या वर, मठाच्या मागच्या डोंगरउतारावरच्या पायरीवर खड्डा तयार होता. पहिल्या मुठी आपल्या होत्या. मग तू कुणाच्या तरी हातातलं फावडं घेतलंस आणि घाम येईपर्यंत माती लोटत राहिलास, तुला थांबवावं लागलं. त्या वर्षी मी त्या झऱ्याचं पाणी प्यायले, तूही प्यायलास, आणि पुढच्या उन्हाळ्यात आपण तिथे कलिंगड गार करायला ठेवलं. त्यानंतर केव्हातरी खालून डांबरी रस्ता आला, रस्त्यावरून तालुक्याच्या दहनगृहाची गाडी आली, आणि खड्डा खणायची पाळी टळली म्हणून सगळ्या घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आईला आपण तिथेच नेलं. बांबूच्या काड्यांनी तिची हाडं वेचली, तू एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने, पायांपासून वरपर्यंत, की ती मडक्यात उभी राहावी. मला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तुमची रीत वाईट म्हणणारी मी कोण, ती माझीही रीत होती. पण ती आपल्या डोळ्यांदेखत त्या रस्त्यावरून आली, हे तुला ठाऊक आहे.

मोतालेबचं यकृत गेलं असं डॉक्टरांनी सांगितलं त्या संध्याकाळी तो अंगणात बसून तोच बांबू पुसत होता. मला म्हणाला, ‘सुमिए, मला आगीची भीती वाटते ग. मेल्यावर काय कळणार म्हणतेस, पण भीती आत्ता वाटते ना.’ त्याच्या गावी नेऊ का म्हणून मी विचारलं. तर म्हणाला, ‘तिथे आता मला कोण ओळखतो? तू भेटायला कशी येशील, विमानाने?’ मी मठात गेले. एशुन गुरुजींनी क्षणभरही वेळ लावला नाही. म्हणाले, मागची पायरी अजून मठाचीच आहे, सरकारदरबारी ती स्मशानभूमी म्हणून नोंदलेली आहे, एक कोपरा मोतासानला द्यायला मला आनंद वाटेल. ‘फक्त गावाचं एकमत हवं. जमीन मठाची, पण मठ गावाचा.’ म्हणून मी तुझ्याकडे आले. तू गावचा प्रमुख आणि माझा भाऊ, माझ्या जिवाला केवढा आधार वाटला होता. तू ओसरीवर वाळवायची केशरी पर्सिमन फळं सोलत होतास. सोलता सोलता म्हणालास, ‘बघतो.’ मग जरा वेळाने, सुरी न थांबवता म्हणालास, ‘आज आपला मोता, उद्या ओसाकाहून मयतांच्या गाड्या येतील. असो, बघतो.’ ते गाड्यांचं वाक्य मी कानाआड केलं. तू दमला असशील असं वाटलं.

सभेला मोतालेब स्वतः आला. खाली बसता येत नव्हतं म्हणून त्याला खुर्ची दिली, आणि सगळे चटईवर असताना आपण उंचावर बसलोय याची त्याला सारखी लाज वाटत होती. तो बोलला ते तुला आठवत असेलच. ‘मी लहानखुरा माणूस आहे, कोपऱ्यात मावेन. गवत मात्र तुम्हाला काढावं लागेल. इतकी वर्षं तुमच्या वाटेवरचं मी काढलं.’ सगळे हसले. अगदी मनापासून हसले, मला वाटलं झालं काम. मग तू घसा साफ केलास. ‘मोतासानचं मन आम्हाला कळतं. मनापासून कळतं. पण खाली झरा आहे. आणि आपल्याकडे पूर्वापार अग्नी देतात. कुणाला काही बोलायचं आहे?’ पूर्वापार! आजीला पिंपात बसवणारा तू! मी तोंड उघडलं होतं, पण मोतालेबने माझ्याकडे पाहिलं आणि मी मिटलं. सगळे चटईकडे बघत होते. मग तो खुर्चीवरून कसाबसा खाली उतरला, दोन्ही हात चटईवर टेकले, आणि म्हणाला, ‘तुम्हा सगळ्यांना उगाच त्रास दिला, माफ करा.’ आणि तुम्ही सगळे एका सुरात ‘छे छे, छे छे’ म्हणालात.

परत येताना तो मला म्हणाला, ‘वाईट माणसं नाहीत ग. तू रागावू नकोस.’ मी रागावले नव्हते. मला तुझी कीव आली होती. मला वाटलं, तू झटलास आणि हरलास, गावापुढे तुझं काही चाललं नाही. दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे लोणच्याची बरणी पाठवली, तुला वाईट वाटत असेल म्हणून. ती बरणी आठवली की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तो गेला तेव्हा बर्फ पडत होता. तालुक्याच्या मशिदीतून चार माणसं आली, त्यांनी त्याला न्हाऊ घातलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं, आणि आम्ही त्याला मिनाच्या कंपनीतून मागून आणलेल्या मालवाहू गाडीत ठेवलं. सकाळी गाडी गावातून खाली उतरली, तर वळणापर्यंत दोन्ही बाजूंना सगळं गाव उभं होतं. छत्र्या बाजूला ठेवून, बर्फात, कमरेत वाकून. तूही होतास, पालखी थांबते त्या जागी. मिना गाडी चालवत होती, ती म्हणाली, ‘आई, बघ ना, सगळे आलेत.’ मी बघितलं. फार छान वाकतो आपण, दादा. गावातून बाहेर जाणाऱ्या माणसाला आपल्याइतका सुंदर निरोप कोणी देत नसेल. खाली लोंबणारी तार गाडीच्या टपाला घासली आणि करकरली. ती उचलून धरायला कोणी नव्हतं.

इथवरचं तुला माहीत आहे. यापुढचं माहीत आहे की नाही ते मला ठाऊक नाही. घर बंद करायला मी वसंतात आले होते, तेव्हा तोमेआजी काठी टेकत आली. आता कानाला कमी ऐकू येतं, म्हणून आजूबाजूच्या चार घरांना ऐकू जाईल असं बोलते. म्हणाली, ‘सुमे, तुझा नवरा गेला त्या लांबच्या माळावर, आणि मला झोप येत नाही बघ. आमची सासू त्या वरच्याच मातीत आहे, मला कशाला अडचण असेल? पण तात्सुओ आमच्याकडे आलाच नाही ग.’ मला कळेना. मी म्हटलं, ‘आला नाही म्हणजे?’ तर म्हणाली, ‘सभेच्या आधी घरी आला नाही. पातेल्याच्या वेळी आला होता की, चहा प्यायला, दोनदा आला होता! तो आला नाही म्हणजे त्यालाच नको असणार, असं आम्ही समजलो. बायकोच्या सख्ख्या भावालाच नको, तर आम्ही कोण मध्ये तोंड घालणार? तुमच्या घरातली गोष्ट. आला असता तर हो म्हटलं असतं. कोण नाही म्हणणार मोतासानला?’

मी मग तशीच उठले आणि पाच-सहा घरं फिरले. वहाणा काढून, ओट्यावर बसून, चहा पीत, तू जायचास तशी. गोन्झो आजोबांच्या मुलाकडेसुद्धा गेले. सगळीकडे तेच. ‘तात्सुओसान आले नव्हते, म्हणून आम्ही…’ कुणी माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. मिनाला मी हे सांगितलं तेव्हा तिला काही केल्या पटेना. शहरात वाढलेली ती. ‘पण मामाने सभेत मांडलं तर होतं ना?’ असं तिचं एकच पालुपद. मी तिला सांगितलं, बाळ, आपल्या गावात सभेत काही ठरत नाही. ठरायचं ते आधी घरोघर ठरतं, सभेत त्यावर फक्त माना हलतात. घरोघर न जाता प्रमुखाने एखादी गोष्ट सभेत आणली, तर ती पाडायलाच आणली हे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळायला हवं होतं. पण तू माझा भाऊ, म्हणून माझ्या मनात शंकाही आली नाही. आणि मोतालेबला तर इतक्या वर्षांत हे कधी उमगलंच नाही. तो समजत होता की त्याने गावाला विचारलं आणि गावाने नाही म्हटलं. तो तुमची माफी मागून मेला.

तू का गेला नाहीस, यावर मी खूप विचार केला. आधी वाटलं, गुडघे दुखत असतील. मग वाटलं, लोकांनी नाही म्हटलं तर काय, या भीतीने गेला नसशील. आता वाटतं ते वेगळंच आहे. लोक हो म्हणतील हे तुला पक्कं ठाऊक होतं. गेला असतास तर बावीसच्या बावीस घरं हो म्हणाली असती आणि तुझ्या प्रमुखपणात परक्या रीतीची एक कबर तुझ्या डोंगरावर कायमची राहिली असती. पातेलं वर्षातून एकदा निघतं, धुऊन फळीवर ठेवलं की संपलं. कबर रोज दिसते. तुला मोतालेब आवडत होता, यात मला शंका नाही. पाहुणा म्हणून फार आवडत होता. त्याला काय चालत नाही हे तुम्ही डोळ्यांत तेल घालून जपलंत, दादा, आणि त्याला काय हवंय हे एकदाच विचारायची वेळ आली तेव्हा तू चार पावलं चाललाही नाहीस.

आता उत्तर. मी उत्सवाला येणार नाही. मोतालेबचा फोटोही पाठवणार नाही. वहिनीचा परवा फोन आला होता, तुला सांगितलं नसेल तिने. म्हणाली, ‘सुमिए, ज्याच्यासाठी लावायचं तोच नाही, तर कॅमेऱ्यासाठी मी पातेलं लावू? माझा हात उचलत नाही ग.’ तिच्यावर जबरदस्ती करू नकोस. कुणाला तरी लावायला सांगशील, आणि लावणारं कोणी मिळेलही. तुला दोन वाक्यंच हवी असतील तर ही घे, तूच वाचून दाखव. ‘या पातेल्यातलं जेवण आम्ही मोतासानला तीस वर्षं वाढलं. त्याने जागा मागितली तेव्हा आम्ही पाण्याचं कारण सांगितलं.’ अधिकारी टाळ्या वाजवतील की नाही ते मला माहीत नाही.

पण केवळ याचसाठी एवढं लिहायला बसले नसते, नाही यायचं एवढं मिनानेही कळवलं असतं. तुझ्या पत्राच्या अगदी शेवटी, ‘प्रकृतीला जप’च्याही खाली, तू आणखी एक ओळ लिहिलीयस. लग्न परदेशी माणसाशी झालं म्हणून माझं आडनाव बदललं नाही, मी अजून आपल्याच घरची आहे, तेव्हा घराण्याच्या थडग्याच्या दगडावर आईच्या शेजारी माझं नाव कोरून घेतलंय, जिवंत माणसाच्या नावात रीतीप्रमाणे भरतात तो लाल रंग भरून. मी गेले की तो लाल रंग काढून टाकायचा आणि मला आत ठेवायचं. ही ओळ मी कितीदा वाचली असेल. तुझ्या परीने तू मला घरी बोलावतो आहेस, आणि त्याला सोडून यायला सांगतो आहेस, हे तुझ्या लक्षातही आलेलं नाही. लग्नाच्या वेळी त्याचा धर्म घेतल्याची दोन वाक्यं मीही म्हटली होती. तेव्हा तुम्ही कुणी ती मनावर घेतली नाहीत, खरं सांगायचं तर मीही नाही. आता घेतली आहेत. त्या पिवळ्या टेकडीवर, खलाशाच्या आणि त्याच्यामध्ये, मिनाने माझी जागा घेऊन ठेवली आहे. मी तुला विचारत नाही, सांगतेय, कारण माझ्या पाठी माझ्या रक्ताचं मिनाशिवाय तूच आहेस आणि ती तुला फोन करणार आहे. तेव्हा तू नेहमीसारखा काळा कोट घालून, बांबूच्या काड्या घेऊन निघशील. त्या आणू नकोस, वेचायला काही नसेल. यायचंच असेल तर फावडं घेऊन ये. आजीच्या वेळी तुला थांबवावं लागलं होतं. माझ्या वेळी कोणी थांबवणार नाही.

तुझीच, अजून लाल अक्षरातली,
सुमिए